मत नसणाऱ्यांचे मत : राष्ट्रपतिपदाचे दोन मराठी उमेदवार

२००७ सालच्या जुलै महिन्यात आम्ही डोणगावला होतो. मेहकरहून मालेगावमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे हे गाव. एम. ए. नुकतेच झालेले, तासिका तत्त्वावर शिकवण्याचे दिवस, आणि संध्याकाळी एस. टी. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर वर्तमानपत्राची घडी हातोहात फिरत असे. त्या महिन्यात तेथे दोनच विषय होते. एक पावसाचा, दुसरा 'बाईं'चा. बाई म्हणजे प्रतिभाताई पाटील. १४ जूनला त्यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी जाहीर झाले होते आणि १९ जुलैला मतदान व्हायचे होते. टपरीवर बसलेल्यांपैकी एकालाही या निवडणुकीत मत नव्हते. तरी प्रत्येकाला मत होते, आणि ते मांडण्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीइतकाच आवेश होता.

या प्रसंगाची आठवण आम्ही अधूनमधून काढतो, त्याला कारण आहे. ज्या निवडणुकीत जनतेला मतदान करायचे नसते, त्या निवडणुकीतील उमेदवाराविषयी जनता काय बोलते, हे इतिहासाचे एक निराळे साधन आहे असे आम्हांला वाटते. विधानसभेच्या उमेदवाराविषयी माणूस बोलतो तेव्हा त्यात रस्ता, वीज, कर्जमाफी, जातीचे गणित असा हिशेब मिसळलेला असतो. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराकडून असे काही मिळायचे नसते. म्हणून त्याच्याविषयीच्या बोलण्यात समाज स्वतःविषयी बोलत असतो. आपले कोण, परके कोण, मोठेपण कशाला म्हणावे, स्त्रीला कोणत्या शब्दाने हाक मारावी, हे सारे त्यात उघडे पडते. प्रस्तुत लेखात आम्ही दोन मराठी उमेदवारांकडे या दृष्टीने पाहणार आहोत. एक हरलेले, चिंतामणराव देशमुख, साल १९६९. दुसऱ्या जिंकलेल्या, प्रतिभाताई पाटील, साल २००७. (मराठी आडनावाचा उमेदवार त्याहीपूर्वी होता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभ्या असलेल्या चौघांत लक्ष्मण गणेश थत्ते हे नाव आढळते. त्यांना २,६७२ मते पडली. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० मते होती.)

१

प्रथम थोडे गणित, कारण पुढच्या विवेचनाला त्याचा आधार लागेल. राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते आणि त्यासाठी आजही १९७१ च्या जनगणनेचे आकडे धरले जातात. महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य त्यामुळे १७५ आहे. २००७ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. सगळ्या मतांची मिळून बेरीज अकरा लाखांच्या थोडी आत भरत असे. मतदार एका उमेदवाराला नुसते मत देत नाही, तो पसंतीचा क्रम लिहितो. मतदान गुप्त असते आणि पक्षाला आदेश काढता येत नाही.

याचा अर्थ असा की डोणगावच्या माणसाचा आवाज त्या जुलैत दोन मतपत्रिकांत सामावलेला होता, मेहकरच्या आमदारांच्या आणि बुलढाण्याच्या खासदारांच्या. दोघेही त्या वेळी शिवसेनेचे होते. शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती आणि आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना होता. तरीही जूनच्या अखेरीस शिवसेनेने आपला पाठिंबा प्रतिभाताईंना जाहीर केला. कारण एकच सांगितले गेले, की राष्ट्रपतिपदी मराठी व्यक्ती बसत आहे. टपरीवरचे एक मोठे कोडे त्या दिवशी सुटले. तोपर्यंत आपल्या मतपेटीतून निवडून गेलेला माणूस आपल्या मनातल्या उमेदवाराला मत देईल की नाही, याविषयी बराच काथ्याकूट झाला होता.

हा 'मराठी' शब्द आम्ही येथे जरा बाजूला ठेवतो. तो १९६९ मध्ये कोठे होता, हे आधी पाहू.

२

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिज, तेथे निसर्गविज्ञान, मग १९१८ ची आय. सी. एस. परीक्षा आणि तीतही पहिला क्रमांक. त्यांची नेमणूक झाली ती मध्यप्रांत व वऱ्हाडात. म्हणजे ज्या प्रांतात त्या वेळी आमचा बुलढाणा जिल्हा होता, त्याच प्रांताच्या कारभारात हा कोकणातला बुद्धिमान तरुण अधिकारी म्हणून घडला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या बाजूने बसले, १९५० पासून १९५६ पर्यंत केंद्रीय अर्थमंत्री राहिले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले होते.

मराठीच्या विद्यार्थ्याला त्यांची ओळख आणखी एका वाटेने व्हायला हवी. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत समश्लोकी वळणाचा पद्यानुवाद केला. गांधीजींची वचने त्यांनी संस्कृत श्लोकांत बांधली. अर्थसंकल्प मांडणारा आणि मंदाक्रांता जाणणारा असा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात पुन्हा फारसा दिसला नाही.

आता त्यांच्या आयुष्यातली ती घटना, जिच्यामुळे महाराष्ट्रात त्यांचे नाव घराघरांत पोहोचले. राज्यपुनर्रचनेच्या वादात मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरत होते, तेव्हा देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या जुलैत लोकसभेत त्यांनी आपली भूमिका मांडली, आणि पंतप्रधानांनी हा निर्णय ज्या रीतीने घेतला तिच्यावर उघड टीका केली. पुढच्याच महिन्यात संसदेने विशाल द्वैभाषिकाचा तोडगा स्वीकारला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भासह मुंबई राज्य अस्तित्वात आले. त्या दिवशी बुलढाणा जिल्हा, आणि त्यातले डोणगावही, प्रथमच मुंबईशी एका राज्यात आले. या घटनांची सगळी कारणे एका राजीनाम्यात शोधणे चूक ठरेल, लोकांच्या लढ्याचा वाटा त्यात फार मोठा होता. तरी मराठी माणसासाठी मंत्रिपद सोडणारा मंत्री म्हटले की सीडींचेच नाव घेतले जाई, आणि ते रास्तच होते.

यानंतर तेरा वर्षांनी, १९६९ मध्ये, हेच देशमुख राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले होते. जुलैत बंगळूरला काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. इंदिरा गांधींना ते मान्य नव्हते. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी वटहुकमावर सही केली, लगेच राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. देशमुखांना उभे केले ते स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने.

येथे 'मूलभूत माहिती' आणि 'लोकमत' यांची फारकत कशी होते ते पाहण्यासारखे आहे. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने तापलेल्या त्या उन्हाळ्यात देशमुखांवर 'उजव्यांचा उमेदवार' असा शिक्का बसला. शिक्का खोटा नव्हता, पाठिंबा खरोखरच उजव्या पक्षांचा होता. पण माहिती काय सांगते? १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली तेव्हा तिचे गव्हर्नर देशमुख होते. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा अर्थमंत्री देशमुख होते. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात. देशातल्या पहिल्या तीन मोठ्या वित्तीय राष्ट्रीयीकरणांशी ज्याचे नाव जोडलेले, तो माणूस चौथ्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी त्याच्या विरोधकांचा उमेदवार ठरला. ही विसंगती कोणाच्या बोलण्यात आली असती तर निवडणुकीचा अर्थ थोडा बदलला असता. पण उमेदवार एकदा एखाद्या गोटात उभा राहिला की त्याचे चरित्र त्या गोटाच्या सोयीने वाचले जाते, आणि विरुद्ध गोटाच्या सोयीनेही.

महाराष्ट्रात त्यांना काय मिळू शकत होते? १९६७ च्या विधानसभेत २७० पैकी २०३ जागा काँग्रेसच्या होत्या. जनसंघाचे आमदार चार, स्वतंत्र पक्षाचा एकही नाही. शिवसेना स्थापन होऊन तीन वर्षे झाली होती, पण विधानसभेत तिचा सदस्य तोवर नव्हता. म्हणजे ज्याने मुंबईसाठी मंत्रिपद सोडले, त्याला राष्ट्रपती करण्याचा प्रश्न आला तेव्हा 'मराठी माणूस' या नावाने मत मागणारा राजकीय पक्षच सभागृहात नव्हता. काँग्रेसजनांपुढे रेड्डी की गिरी हा प्रश्न होता. त्यांच्या 'अंतरात्म्याच्या आवाजा'ला आवाहन झाले होते ते त्या दोघांतून एक निवडण्यासाठी. तिसऱ्या नावाकडे वळावे, असे त्या आवाजाने कोणाला सांगितल्याचे आकड्यांवरून तरी दिसत नाही.

१६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीची मते अशी : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ मते लागत होती. ती कोणालाच मिळाली नाहीत, म्हणून बाकीचे उमेदवार बाद करीत दुसरी पसंती मोजावी लागली. राष्ट्रपतिपदाच्या इतिहासात अशी वेळ आजवर एकदाच आली आहे. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला.

या आकड्यांत थोडे थांबले पाहिजे. दुसऱ्या पसंतीत रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ मतांची भर पडली, गिरींच्या १८,५६२ मतांची. रेड्डींना जिंकायला १,०४,६२१ मते हवी होती, आणि एकट्या देशमुखांची मते त्याहून अधिक होती. म्हणजे देशमुखांच्या प्रत्येक पाठीराख्याने दुसरी पसंती रेड्डींना दिली असती तर राष्ट्रपती बदलला असता. आपण ज्यांना तिसऱ्या क्रमांकावरचे म्हणून एका ओळीत निकालात काढतो, त्यांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या क्रमांकाने काँग्रेसच्या फुटीचे, आणि म्हणून पुढच्या दशकाचे, वळण ठरवले. क्रमिक पुस्तकांत मात्र या निवडणुकीची हकीकत दोनच नावांनी सांगितली जाते.

३

आता पुन्हा २००७ कडे. आमच्या टपरीवर प्रतिभाताईंविषयी तीन प्रकारची मते होती.

पहिले मत नात्याचे. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आम्ही मानतो. डोणगाव घाटावर. घाटाखाली मलकापूरच्या बाजूला उतरले की जिल्हा संपतो आणि जळगाव जिल्ह्याचा बोदवड-मुक्ताईनगरचा मुलूख लागतो. प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजी त्याच मुलखातल्या नाडगावचा. सासर अमरावतीचे, आणि १९९१ ते १९९६ या काळात त्या अमरावतीच्याच खासदार होत्या. म्हणजे माहेर पश्चिमेला, सासर पूर्वेला, आणि मध्ये आम्ही. बाई खानदेशाची लेक आणि वऱ्हाडची सून, तेव्हा आपलीच, असा हा पक्ष होता आणि त्यात वृद्ध अधिक होते.

दुसरे मत शंकेचे. या मराठी कशा? पती देवीसिंह शेखावत यांचे घराणे मुळात राजस्थानातल्या शेखावाटीतले, प्रतिस्पर्धी उमेदवारही शेखावतच, आणि उमेदवारीच्या वेळी त्या राजस्थानच्याच राज्यपाल. मग मराठी ते काय? ही शंका शहरातून वर्तमानपत्रांच्या मार्गे आली होती. खानदेशात आणि आमच्या जिल्ह्यात राजपूत पाटलांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यांची बोली आमचीच आहे. त्यामुळे गावात ती फार काळ टिकली नाही. गंमत अशी की १९६९ मध्येही असेच धागे गुंतले होते. रेड्डी आणि गिरी दोघेही तेलुगुभाषक, आणि देशमुखांच्या पत्नी दुर्गाबाई आंध्रच्या. तेव्हा ते कोणाला खटकले नव्हते. 'मराठी' या शब्दाची वेस १९६९ मध्ये कोणी आखायला गेले नाही, २००७ मध्ये प्रत्येक जण हातात दोरी घेऊन उभा होता. अस्मिता मतांच्या बाजारात आली की तिची मोजणी सुरू होते, असे आम्हांला या तुलनेतून दिसते.

तिसरे मत होते शिकलेल्यांचे, आणि ते आमचे होते. अब्दुल कलाम यांनाच पुन्हा संधी मिळावी असे आम्हांला वाटत होते. या बाई कोण, आल्या कोठून, एकनिष्ठेपलीकडे त्यांचे कर्तृत्व काय, असे आम्ही विचारीत होतो. 'रबरी शिक्का' हा शब्दप्रयोग तेव्हा सगळ्यांच्या ओठांवर होता. आम्ही तो एका भित्तिपत्रकातल्या लेखात वापरलाही. लेख ठसकेबाज झाला होता. मुलांना आवडला.

काही वर्षांनी विद्यार्थ्यांसाठी एक टिपण तयार करताना आम्ही प्रतिभाताईंच्या कारकिर्दीचा तपशील प्रथमच नीट वाचला. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून एम. ए., टेबल टेनिसमध्ये प्रावीण्य, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी. १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून आमदार. त्यानंतर १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार निवडणुकांत एदलाबादमधून विजय. १९६७ पासून उपमंत्री, मग मंत्री. समाजकल्याण, आरोग्य, सांस्कृतिक कार्य, शिक्षण, नगरविकास अशी खाती. १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. मग राज्यसभा, तिचे उपसभापतिपद, लोकसभा, राज्यपालपद. ज्या राज्यात स्त्री आमदारांची संख्या बोटांवर मोजावी अशी असे, तेथे एक स्त्री ग्रामीण मतदारसंघातून ओळीने निवडून येत होती आणि एकदाही हरली नव्हती. हे सारे २००७ मध्येही उपलब्ध होते. आम्ही ते वाचले नव्हते. 'कोण या बाई' हा आमचा प्रश्न, तो विचारताना आम्हांला वाटले होते तसा, त्यांच्या अपरिचित असण्याचा पुरावा नव्हता. तो आमच्या न वाचण्याचा पुरावा होता. आणि येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर घडलेल्या राजकारणाविषयी आम्ही दिल्लीच्या वार्ताहरांचे शब्द उसने घेऊन बोलत होतो, हे अधिक लाजिरवाणे.

तेव्हाही त्या अपरिचित वाटल्या याला आणखी एक कारण आहे. उमेदवारीच्या चर्चेत आधी शिवराज पाटील चाकूरकरांचे नाव होते. डाव्या पक्षांनी त्याला अनुकूलता दाखवली नाही आणि मग हे नाव पुढे आले. 'दुसरे नाव' म्हणून जो येतो त्याच्याकडे लोक तडजोड म्हणून पाहतात. त्यात ती स्त्री असेल तर तिची निवड तिच्या स्त्रीत्वाने समजावून दिली जाते, कारकिर्दीने नव्हे. 'पहिली महिला राष्ट्रपती' हे बिरुद गौरवाचे खरे, पण पंचेचाळीस वर्षांचे राजकारण त्या एका बिरुदाखाली झाकले गेले, हेही खरे.

मात्र आपली जुनी चूक दुरुस्त करताना उलट्या दिशेची चूक करू नये. टीकेचे काही मुद्दे माहितीवर आधारलेले होते. त्यांच्या नावाच्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता. त्यावर प्रश्न विचारले गेले, ते विचारले जाणे योग्यच होते. दुसरा मुद्दा आमच्या विषयाच्या जवळचा आहे. उमेदवारी जाहीर झाल्यावर तीन दिवसांनी उदयपूरला महाराणा प्रतापांच्या कार्यक्रमात त्यांनी घुंगट सोडून देण्याचे आवाहन केले, आणि ही प्रथा मुघल आक्रमकांपासून स्त्रियांचे रक्षण करण्यासाठी सुरू झाली, असे कारण दिले. इतिहासकारांनी लगेच आक्षेप घेतला. एकीकडे पडदा टाकून द्या हे पुढे जाणारे म्हणणे, आणि त्याच वाक्यात पडद्याचा दोष परक्यांवर टाकणारा इतिहास. सभेत अशी दोन्ही वाक्ये एकत्र टाळ्या घेऊन जातात.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे इतिहासकाराची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात शकुंतला दुष्यंताच्या सभेत येते ती अवगुंठन घेऊनच, आणि राजाच्या तोंडी तिचे वर्णनही तसेच आहे. मृच्छकटिकाच्या शेवटी गणिका वसंतसेनेला वधूपद मिळते तेव्हा तिच्या मस्तकावर अवगुंठन घातले जाते. म्हणजे ते वस्त्र तेथे कुलस्त्रीच्या प्रतिष्ठेची खूण आहे. ही नाटके मुघलांच्या आधी हजार वर्षे तरी लिहिली गेली. ज्या कालिदासाचा मेघ देशमुखांनी मराठीत आणला, त्याच कालिदासाने प्रतिभाताईंच्या विधानाला आधीच उत्तर देऊन ठेवले होते. आम्ही त्या जुलैत संस्कृत नाटकाचा इतिहास शिकवीत होतो. तरी भित्तिपत्रकात आम्ही लिहिला तो 'रबरी शिक्का'. जो आक्षेप आमच्या ज्ञानशाखेने घ्यायचा होता, तो आम्हांला सुचलाच नाही.

२१ जुलैला निकाल लागला. प्रतिभाताई ६,३८,११६, शेखावत ३,३१,३०६. २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली. डोणगावात पाऊस पडला होता आणि टपरीवर गर्दी कमी होती.

४

राहिला प्रश्न शब्दाचा. 'राष्ट्रपती' स्त्री असेल तर काय म्हणावे, यावर २००७ मध्ये महिनाभर वाद झाला. कोणी 'राष्ट्राध्यक्षा' सुचवले, कोणी थट्टेने 'राष्ट्रपत्नी' म्हटले. थट्टा निरुपद्रवी वाटली तरी ती तशी नसते. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्यावर तोच शब्द एका खासदारांच्या तोंडून गेला, संसद बंद पडली आणि त्यांना लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या शब्दाचा प्रवास मनोरंजक आहे. स्वातंत्र्यापूर्वी 'राष्ट्रपती' म्हणत ते काँग्रेसच्या अध्यक्षाला. १९३७ मध्ये कलकत्त्याच्या मॉडर्न रिव्ह्यूत 'चाणक्य' या नावाने याच शीर्षकाचा एक लेख आला. जवाहरलाल नेहरूंना पुन्हा अध्यक्ष करू नये, त्यांच्यात हुकूमशहा होण्याची बीजे आहेत, असे त्यात सुचवले होते. लेखक स्वतः नेहरूच होते हे नंतर उघड झाले. उमेदवाराविषयीचे लोकमत उमेदवारानेच टोपणनावाने लिहावे, असे उदाहरण दुसरे आम्हांला माहीत नाही. आणि त्या लेखात उमेदवाराविषयी जी शंका आहे तशी शंका आजचा कोणताही उमेदवार स्वतःविषयी छापू देणार नाही.

'पति' म्हणजे मुळात पालन करणारा, स्वामी. सेनापती, सभापती, कुलपती यांत तोच अर्थ आहे, नवरा हा नाही. पाणिनीने 'पति'चे स्त्रीरूप 'पत्नी' सांगितले ते यज्ञातल्या सहभागाच्या संदर्भात. पण शब्दाच्या आधी दुसरे पद असेल तर त्याने विकल्प दिला आहे. घराची स्वामिनी 'गृहपत्नी' म्हणता येते, तशी 'गृहपति'ही म्हणता येते. त्या न्यायाने स्त्री राष्ट्रपती असणे संस्कृत व्याकरणाला मुळीच अवघड नाही. अडचण व्याकरणाची नव्हतीच. अडचण अशी होती, की सत्तावन्न वर्षे त्या शब्दामागे पुरुष उभे होते, त्यामुळे शब्दच पुरुष वाटू लागला होता.

मराठीने हा प्रश्न आपल्या स्वभावानुसार, फार गाजावाजा न करता सोडवला. नाम तसेच ठेवले आणि क्रियापद बदलले. २६ जुलैच्या वर्तमानपत्रांत 'राष्ट्रपती म्हणाल्या' असे छापून आले. १९५० पासून मराठीत राष्ट्रपती फक्त 'म्हणाले' होते. वर्गात मुले 'लिंगभेद आणि भाषा' या विषयावर उदाहरण मागतात तेव्हा आम्ही हे एक देतो. पदाला हात न लावता त्याचा अर्थ कसा रुंदावतो, हे त्या एका अक्षरात दिसते.

गेल्या वर्षी आम्ही पदवीच्या अखेरच्या वर्गाला एक स्वाध्याय दिला. देशमुख आणि पाटील यांच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना काय आठवते ते लिहून आणा, आणि त्याशेजारी दोघांच्या चरित्राची दहा तथ्ये मांडा. प्रतिभाताईंविषयी प्रत्येक वहीत काही ना काही होते : ताई, सून, खानदेशची लेक, पहिली महिला. देशमुखांविषयी बहुतेक वह्यांत जागा कोरी होती. एका विद्यार्थिनीने तेवढे लिहिले होते, की आजोबांना नाव आठवत नाही, पण मुंबईसाठी दिल्लीतली खुर्ची सोडणारा कोणी एक मंत्री होता एवढे आठवते.

त्या वहीवर आम्ही पूर्ण गुण दिले. नाव तिने पुढच्या आठवड्यात शोधून आणले.